सभासदांची यादी आणि प्रश्नचिन्हांची रांग

शिकत असताना मला मिळालेलं पहिलं खरं काम एका वाचनालयाचं होतं. साडेतीन हजार सभासदांच्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होत्या, त्या वेबपेजवर तक्त्यात दाखवायच्या होत्या. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवायची, लूप फिरवायचा, प्रत्येक नोंदीला एक टीआर (एचटीएमएल तक्त्यातली ओळ), प्रत्येक रकान्याला एक टीडी (ओळीतला चौकोन). संध्याकाळपर्यंत जमलं. पान उघडलं तर सभासद क्रमांक बरोबर, आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

घाबरून मी नावं पुन्हा टाइप करायला बसले. तुम्ही तसं करू नका. आधी एक गोष्ट तपासा: नावं डेटाबेसमध्येच बिघडली आहेत, की वाटेत बिघडतायत? त्यासाठी एका नावावर मायएसक्यूएलचं हेक्स हे फंक्शन चालवा; साठवलेले बाइट ते जसेच्या तसे दाखवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि त्यांची सुरुवात ई०ए४ किंवा ई०ए५ अशी होते. ती दिसली तर नाव शाबूत आहे, फक्त कनेक्शनचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं पाठवायची पद्धत, चुकलाय. ३एफ ३एफ ३एफ अशी रांग दिसली (३एफ म्हणजे प्रश्नचिन्हाचा बाइट) तर खरंच प्रश्नचिन्हं साठली आहेत; मूळ नाव गेलं, ते कागदी रजिस्टरमधूनच परत येईल. माझी नावं शाबूत होती. कनेक्शनमध्ये यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहिलं आणि सगळी यादी उजळली. मायएसक्यूएल ८.० च्या आधी डीफॉल्ट लॅटिन१ असायचं, ज्यात देवनागरी नाही, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर हा घोळ हमखास भेटतो.

जुन्या धड्यांपासूनही सावध राहा. डेटाबेसला जोडण्यासाठी मायएसक्यूएल_कनेक्ट वापरणारा कोड दिसला तर पुढे वाचू नका. ती फंक्शनं २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली आहेत. त्याऐवजी पीडीओ, म्हणजे पीएचपीतली डेटाबेसशी बोलायची नवी सोय, शिका. आणि डेटाबेसमधून आलेला मजकूर छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स हे एचटीएमएलची खास चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन लावायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर कुणीतरी नावाच्या जागी भरलेली स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालेल.

साडेतीन हजार ओळी एकदम दाखवल्या तर जुन्या संगणकावर पान रखडतं. म्हणून मी क्वेरीत लिमिट (किती ओळी) आणि ऑफसेट (किती ओळी सोडून) वापरून पंचवीस-पंचवीसची पानं केली. मग एक सभासद दोन पानांवर दिसू लागला आणि एक कुठेच दिसेना. क्वेरीत क्रम सांगणारं ऑर्डर बाय नसेल तर डेटाबेस क्रमाची हमी देत नाही. नुसतं आडनाव देऊनही भागत नाही, कारण पाटील शंभर असतात. शेवटी सभासद क्रमांकही जोडावा लागतो. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करून क्रम बदलायची सोय देणार असाल तर लक्षात ठेवा: प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरीच्या) प्लेसहोल्डरमधून, म्हणजे रिकाम्या ठेवलेल्या जागेतून, मूल्य जातं, रकान्याचं नाव जात नाही. परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा, आलेलं नाव त्यात असेल तरच क्वेरीत घाला.

सगळं झाल्यावर ग्रंथपालबाईंनी यादी पाहिली आणि विचारलं, "क्षीरसागर खरेंच्या आधी कसे आले?" मला हा प्रश्न फार आवडला. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून तो 'क'च्या शेवटी बसतो. ळ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून काळे कासारांच्या आधी येतात. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर. पीएचपीच्या इंटल या भाषांसाठीच्या जोडणीतला कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमाने क्रम लावणारा भाग, मराठी लोकेल (भाषेची निवड) देऊन वापरला तर हा क्रम मिळतो. पण तो एका पानातल्या पंचवीस नावांवर लावून उपयोग नाही, क्रम सगळ्या यादीचा हवा. मी प्रत्येक नावाची सॉर्ट-की, म्हणजे क्रम ठरवणारी बाइटांची रांग, त्याच कोलेटरकडून घेतली, व्हारबायनरी (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) रकान्यात साठवली आणि ऑर्डर बाय त्या रकान्यावर लावला. नाव बदललं की कीही बदलावी लागते, तेवढं सांभाळा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी थेट शेवटचं पान उघडलं. क्षीरसागर तिथे होते.