संगणकाने चेहरा जुळवला म्हणून पोलिसांचे बोलावणे आले तर काय करावे

2027 चा सिंहस्थ जवळ येत आहे आणि नाशिकमध्ये रामकुंड, पंचवटी, द्वारका अशा गर्दीच्या जागी कॅमेऱ्यांची नजर वाढत आहे. 2025 च्या प्रयागराज महाकुंभात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वापरले गेले, आणि आपल्या राज्य सरकारनेही पोलिसांना अशी साधने मिळावीत म्हणून 2024 मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. हरवलेले मूल सापडण्यासाठी याचा उपयोग होत असेल, तर तो व्हावाच. परंतु उद्या दारात येऊन कोणी ‘सोनसाखळी चोरीच्या फुटेजशी तुमच्या मुलाचा चेहरा जुळला आहे’ असे सांगितले, तर घरच्यांनी नेमके काय करावे हे आधीच ठाऊक असलेले बरे, कारण पहिले काही दिवस हातचे गेले की बचावाचा पुष्कळसा पुरावा कायमचा जातो.

सर्वप्रथम ‘जुळला’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. संगणक चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करतो, ते आकडे साठ्यातील प्रत्येक छायाचित्राशी ताडून पाहतो आणि सर्वांत जवळच्या चेहऱ्यांची गुणांसह यादी देतो. खरा चोर त्या साठ्यात नसला, तरी त्याच्यासारखे दिसणारे कोणी ना कोणी असतेच. किती गुणांपासून पुढे ‘जुळला’ म्हणायचे, हे माणूस ठरवतो. माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार दिल्ली पोलिसांची ही मर्यादा 80 टक्के होती. मात्र ‘80 टक्के जुळला’ याचा अर्थ ‘तो गुन्हेगार असण्याची शक्यता 80 टक्के’ असा मुळीच होत नाही. साधा हिशेब करून पाहा: दर 10,000 निरपराध चेहऱ्यांमागे एकच चुकून जुळवणारी प्रणाली 10 लाख छायाचित्रांत शोध घेईल, तेव्हा 100 निरपराध माणसे पुढे करील. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या 2019 च्या चाचणीत तर अनेक प्रणालींकडून आशियाई व आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांबाबत अशा चुका गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत 10 ते 100 पटींनी अधिक झाल्याचे आढळले.

बोलावणे तोंडी आले, तर नम्रपणे लेखी नोटीस मागावी. अटकेची गरज नसेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) नुसार हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ती मिळाल्यावर टाळाटाळ करू नये, कारण नोटिशीचे पालन न करणे हेच अटकेचे कारण ठरू शकते. अटक करून चौकशी होत असेल, तर त्यादरम्यान आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क त्याच संहितेचे कलम 38 देते. संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, तरी भेट नाकारता येत नाही. अटक झालीच, तर कारणे कळवणे, नातेवाइकांना माहिती देणे आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे बंधनकारक आहे. वकील परवडत नसल्यास नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

वकिलामार्फत प्रश्न विचारताना ‘यंत्र चुकले आहे’ असे मोघम म्हणू नये. मूळ चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, ते कापले वा उजळले होते का, शोध कोणत्या साठ्यात घेतला, किती गुण मिळाले, यादीत किती नावे होती आणि आपले नाव कितवे होते, हे विचारावे. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पेनमधील माद्रिद येथे 2004 मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने बोटांच्या ठशावरून ओरेगॉनमधील एका निरपराध वकिलाला सुमारे दोन आठवडे अटकेत ठेवले. संगणकाने दिलेल्या 20 नावांच्या यादीत तो चौथा होता, आणि यंत्राने नाव सुचवल्यावर अनुभवी तज्ज्ञांनाही ठसा जुळल्याचेच दिसले. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले, तेव्हा त्याची सुटका झाली.

आता आपल्या बाजूच्या पुराव्याविषयी. येथे एक क्षणही दवडू नये. गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीतून एक दुचाकी चोरीला गेली, तेव्हा रात्रीच्या फुटेजमधला चेहरा आम्ही पडद्यावर मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर नाक, मिशी, हनुवटी असे काही उरलेच नाही. राखाडी चौकोन उरले, आणि त्या चौकोनांत आम्हा तिघांना दूध टाकणारा मुलगा दिसला. पुढे लक्षात आले की डीव्हीआरचे, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ 40 मिनिटे पुढे होते, आणि चोरीच्या खऱ्या वेळी तो मुलगा दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात क्रेट उतरवताना स्वच्छ दिसत होता. ते चित्रण आणखी आठवडाभर उशीर केला असता, तर पुसले गेले असते. त्या मुलासमोर उभे राहताना मला आजही लाज वाटते.

म्हणून घटनेची तारीख व वेळ कळताच आपण त्या वेळी जेथे होतो त्या दुकानाला, सोसायटीला, कारखान्याला ‘चित्रण जपून ठेवावे’ असे पत्र देऊन पोच घ्यावी. बहुतेक डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे चित्रण घेतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यातली हजेरी, यूपीआयचे व्यवहार, शिंदे टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद, सिटीलिंक शहर बसचे तिकीट, यांतले काहीही क्षुल्लक मानू नये. मोबाइलच्या टॉवरच्या नोंदी कंपनी आपल्याला सहजी देत नाही. त्या मागवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. फुटेज सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडावे, आणि पोलिसांच्या फुटेजला ते जोडले आहे का हेही पाहावे.

सर्वाधिक सावधगिरी ओळख परेडीच्या वेळी, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभे करून साक्षीदाराकडून ओळख पटवताना, बाळगावी. संगणक लाखो चेहऱ्यांतून चोराशी मिळताजुळता चेहराच निवडून काढतो. तो साक्षीदाराला दाखवल्यावर ‘हाच तो’ असे उत्तर येण्याची शक्यता आपोआप वाढते, आणि एकाच चुकीचे दोन स्वतंत्र पुरावे झाल्यासारखे दिसते. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये 2020 च्या जानेवारीत, संगणकाने चेहरा जुळवल्यावर, घड्याळचोरीच्या आरोपावरून एका गृहस्थाला पत्नी व लहान मुलींच्या डोळ्यांदेखत अटक झाली. त्यांना छायाचित्रांतून ‘ओळखणाऱ्या’ व्यक्तीने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, केवळ फुटेज पाहिले होते. त्यांच्या दाव्यात 2024 मध्ये झालेल्या तडजोडीनुसार तेथील पोलिसांना आता केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करता येत नाही; तसेच यंत्राच्या निकालापाठोपाठ, दुसरा स्वतंत्र पुरावा नसताना, छायाचित्रांवरून ओळख पटवून त्या आधारे अटक करण्यासही मनाई आहे. आपल्याकडे परेडीपूर्वी साक्षीदाराला छायाचित्र, फुटेज किंवा मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवला होता का, हे वकिलाने विचारून नोंदवून घ्यावे. पोलीस ठाण्यापासून परेडीसाठी नाशिकरोड कारागृहापर्यंत चेहरा झाकून नेण्याचा आग्रह धरावा. रांगेत वयाने व बांध्याने सारखी किमान सहा माणसे असावीत, आणि आपली जागा आपण निवडावी.

सुटका झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार घेतलेली छायाचित्रे, ठसे व मापे 75 वर्षे जपली जाऊ शकतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर पुढचे कायदेशीर मार्ग संपल्यावर, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास, त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत जोडून राज्य सरकारने यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि नोंदी नष्ट केल्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा, अन्यथा पुढच्या चोरीच्या शोधात तोच चेहरा त्याच साठ्यातून पुन्हा वर येईल.