गाडीचे स्पार्क प्लग : निगा आणि बदल

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारी गाडी सकाळी चालू व्हायला वेळ घेऊ लागली, उभी असताना थरथरू लागली, चढावर मिसिंग मारू लागली (मध्येच झटके देऊ लागली) आणि अ‍ॅव्हरेजही घटले, तर स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमधले इंधन पेटवायला ठिणगी पाडणारे भाग, काढून पाहावेत. डिझेल गाडीत हे प्लग नसतात. साधे निकेलचे प्लग साधारणपणे ३० ते ४० हजार किलोमीटर आणि इरिडियमचे ८० हजार ते १ लाख किलोमीटर चालतात. तरी शेवटचा शब्द गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा मानावा. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अशा गाडीचे प्लग आधी झिजतात.

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे, कारण प्लग ज्यात बसतात ते हेड (इंजिनचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि गरम हेडमधून प्लग ओढून काढताना त्याचे आटे खराब होऊ शकतात. परभणी-नांदेडकडच्या चाळिशीपार उन्हात दिवसभर पळालेली गाडी तासाभरात थंड होत नाही. ती रात्रभर उभी ठेवून पहाटे कामाला लागावे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून प्लगवरची एकेक कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग) काढावी. त्यानंतरची पायरी आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच घाईत टाळली जाते. शेतरस्त्यांचा फुफाटा बॉनेटखाली शिरून प्लगच्या खोल विहिरीत तळाशी साचतो आणि प्लग सुटताच तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो. काळ्या मातीची ती बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा घासते. म्हणून प्लग अर्धा फेरा सैल करून, डोळ्यांवर चष्मा लावून, विहिरीत जोराची हवा मारावी आणि मगच तो पूर्ण काढावा. घरी कॉम्प्रेसर नसेल, तर पंक्चरच्या दुकानातून आदल्या दिवशी निदान वरवरची धूळ उडवून आणावी. प्लग जाम असेल, तर जोर न लावता आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे फिरवत राहावे.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून उजेडात पाहावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर इंजिनमधले ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली, तर इंधन जास्त जात आहे किंवा एअर फिल्टर धुळीने चोंदला आहे. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत आधी फिल्टरच पाहावा. तेलकट ओला थर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवतो, तर पांढरे, फोड आल्यासारखे टोक अतिउष्णतेची खूण असते. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर त्या सिलिंडरची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी, कारण तिथे नुसता नवा प्लग बसवून दोष जाणार नाही.

नवे प्लग पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचेच आणि सर्व एकाच वेळी बसवावेत. उष्णतेचा क्रमांक, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा, अंदाजाने बदलू नये. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (उष्णता लवकर टाकणारा), तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन टोकांमधले अंतर, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावा. तो बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो. इरिडियमच्या बारीक टोकाला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नये.

प्लग लांब सॉकेटमध्ये धरून आधी हातानेच, पान्याच्या दांड्याशिवाय फिरवावा. दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत, तर तो तिरका लागला आहे असे समजून उलटा फिरवून काढावा आणि पुन्हा लावावा. वायसरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) असल्यास पुस्तिकेतील आकडा घ्यावा. शेवटी कॉइलचे कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबून, बॅटरी जोडून गाडी चालू करावी आणि पाच मिनिटे इंजिनचा आवाज ऐकावा. मिसिंग कायम असेल, तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करून पाहावी; दोषही तिच्यासोबत सरकला, तर बदलायची आहे ती कॉइल.