कांद्याचा भाव पानावर बदलत का नाही? जावास्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

नाशिकमध्ये वेब डिझाइन शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिला सराव कांद्याच्या भावाचाच देतो. टेबलात चार ओळी: लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड. बटण दाबलं की भाव बदलायचा. आवक, क्विंटल हे शब्द घरातलेच, त्यामुळे सगळं लक्ष कोडवर राहतं. तरी मुलं अडतात ती ठरलेल्या जागीच.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत टाइपएरर येते आणि त्यात 'नल' दिसतो, म्हणजे शोधलेला घटक सापडलेलाच नाही. मग जी ओळ लाल झाली तीच खोडून पुन्हा लिहिली जाते. दोष बहुधा तिथे नसतो. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. हेडमध्ये साधा स्क्रिप्ट टॅग भेटला की आधी ती स्क्रिप्ट चालवतो. तेव्हा खालचं टेबल अजून तयारच झालेलं नसतं, मग सापडणार काय? स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर टॅगला डिफर (पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालवायला सांगणारा शब्द) लावा, नाहीतर टॅग बॉडीच्या अगदी शेवटी न्या. एवढं करूनही नल येत असेल तर सिलेक्टर, म्हणजे घटक शोधायला दिलेलं नाव, बघा. क्वेरीसिलेक्टरला क्लासच्या आधी टिंब आणि आयडीच्या आधी हॅश लागतो; गेटएलिमेंटबायआयडीला नुसतं नाव.

'सर, फक्त लासलगावचाच भाव बदलतोय.' हेही दर बॅचला ऐकतो. क्वेरीसिलेक्टर पहिला जुळणारा घटक देतो आणि थांबतो. सगळे हवेत तर क्वेरीसिलेक्टरऑल वापरा आणि फॉरईच लावून एकेकाला बदला.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती पुढची चूक, कारण इथे एररच येत नाही. चारही ओळींना 'जुना' हा क्लास आहे आणि तो काढायचाय. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने ओळी घेतल्या, शून्यापासून लूप फिरवला. लासलगाव आणि येवल्याचा क्लास गेला, पिंपळगाव आणि मनमाडचा तसाच! ही यादी जिवंत असते. लासलगावचा क्लास निघताच ती ओळ यादीतून बाहेर पडते, पिंपळगाव शून्यावर सरकतं आणि लूप तर एकवर गेलेला असतो, जिथे आता येवला आहे. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी अशी सरकत नाही. म्हणून मी मुलांना तीच सवय लावतो. जुनं कोड हातात आलं तर लूप शेवटाकडून उलटा फिरवा.

भाव वाढवताना 1500 मध्ये 200 मिळवले आणि पानावर 1500200 आलं, तर समजा की इनपुटची व्हॅल्यू मजकूर म्हणून आली आहे. आधी नंबरमध्ये बदला, मग बेरीज करा.

घटकाच्या आतलं एचटीएमएल बदलणाऱ्या इनरएचटीएमएलबाबत मात्र मी कडक आहे. नुसता मजकूर बदलायचा असेल तर टेक्स्टकंटेंटच वापरा. वापरणाऱ्याने टाइप केलेलं जसंच्या तसं इनरएचटीएमएलमध्ये टाकलं, तर त्यात लपवलेलं कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतं. शिवाय इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर (+=) लावून टेबलात नवी ओळ जोडली, की आतले सगळे घटक नव्याने बनतात आणि जुन्या बटणांना अ‍ॅडइव्हेंटलिसनरने लावलेली क्लिक निघून जाते. ओळ अपेंडने जोडा आणि क्लिक प्रत्येक बटणाला न लावता टेबलालाच लावा. कोणतं बटण दाबलं ते इव्हेंटच्या टार्गेटवर, म्हणजे जिथे क्लिक झाली त्या घटकावर, क्लोजेस्ट चालवून कळतं, आणि उद्या मालेगावची ओळ आली तरी तिचं बटण वेगळं काही न लिहिता चालतं.