क्वर्कल खेळताना पाचवा ठोकळा जपून लावा

क्वर्कल या ओळी जुळवायच्या बैठ्या खेळात १०८ ठोकळे असतात: ६ आकार, ६ रंग आणि प्रत्येक जोडीचे नेमके ३. ओळीत एकतर रंग सारखा आणि आकार वेगळे, नाहीतर आकार सारखा आणि रंग वेगळे. सहाची ओळ पूर्ण झाली की ठोकळ्यांचे ६ अधिक बोनसचे ६ असे १२ गुण. म्हणून चारच्या ओळीला पाचवा ठोकळा लावायचा मोह आवरा. तुम्हाला ५ मिळतील, पण पुढच्याला आयते १२!

मात्र आधी टेबलावर नीट नजर फिरवा. समजा, ताऱ्यांच्या ओळीत फक्त जांभळा आणि लाल बाकी आहेत. तिन्ही लाल तारे इतरत्र लागून गेले असतील, तर ही ओळ कधीच पुरी होणार नाही. जांभळा बिनधास्त लावा. दोनच दिसताहेत आणि तिसरा तुमच्या हातात आहे? मग तो धरून ठेवा. जांभळा कुणीही लावला तरी, जागा अडली नाही तर, १२ तुमचेच. हे मोजणं मला या खेळातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

एरवी कोपरे शोधा. एकाच ठोकळ्याने आडवी ओळ तीनची आणि उभी चारची झाली, तर एका चालीत ७ गुण.