फिजी ते ओपुआ : परक्या बोटीवर क्रू म्हणून जाताना

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चक्रीवादळांचा मोसम लागायच्या आत, फिजीतल्या शिडाच्या बोटी न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या ओपुआ बंदराकडे निघतात. हजार-अकराशे सागरी मैलांचं अंतर, म्हणजे आठ-दहा दिवस. या टप्प्याला स्किपरना, म्हणजे बोटीच्या कप्तानांना, जादा हात हवे असतात, आणि नवशिक्याला जागा मिळते ती इथेच. वारा आणि लाटांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी कागदांबद्दल सांगतो, कारण भारतीय पासपोर्टवाल्याचं घोडं अडतं ते तिथे.

बोटीचे कागद वेगळे आणि तुमचे वेगळे, हे आधी डोक्यात पक्कं करा. परदेशी बोट न्यूझीलंडमध्ये तात्पुरत्या आयातीखाली 24 महिन्यांपर्यंत राहू शकते. तेवढ्या काळात 15 टक्के जीएसटीही भरावा लागत नाही. स्किपर निवांत असतो तो त्यामुळे. तुमचा मुक्काम मात्र तुमच्या व्हिसावर. सोबतच्या ब्रिटिश किंवा जर्मन माणसाला आधी व्हिजिटर व्हिसा काढावा लागत नाही, आपल्याला लागतो. फिजीत भारतीयांना चार महिने व्हिसाशिवाय राहता येतं, त्यामुळे माणूस सैलावतो आणि पुढच्या व्हिसाचा अर्ज लांबणीवर पडतो. तसं करू नका. जहाजावरची सीडीसी (व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं अधिकृत नोंदपुस्तक) खिशात आहे म्हणून खासगी बोटीवर सुटका होईल, असंही धरून चालू नका. ओपुआला उतरून विमानाने परतणार असाल तर परतीचं तिकीट आणि स्किपरचं पत्र जवळ ठेवा.

फिजी सोडताना सुवा, लाउतोका, सावुसावू अशा अधिकृत बंदरातूनच कस्टम्सची परवानगी घ्यावी लागते. त्यानंतर वाटेत एखाद्या बेटावर ‘जरा थांबू’ हे चालत नाही. याच वेळी क्रू लिस्ट तयार होते आणि इथे आपली एक खास मराठी भानगड आहे. आपल्या पासपोर्टात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. स्किपर घाईत नुसतं पहिलं नाव आणि आडनाव लिहून मोकळा होतो. यादी स्वतः वाचा आणि पासपोर्टाबरहुकूम करून घ्या.

न्यूझीलंडला पोहोचण्याच्या किमान 48 तास आधी तिथल्या कस्टम्सला बोट येत असल्याची आगाऊ सूचना गेली पाहिजे. शहाणे स्किपर ती फिजी सोडतानाच पाठवतात. भर समुद्रात नेट रुसलं तर काय घ्या! बोटीच्या तळाचे फोटो आणि सफाईच्या पावत्याही तयार लागतात. तळाला शेवाळ, शिंपले चिकटलेले नकोत. पोहोचण्याआधीच्या 30 दिवसांत तळ साफ केलेला असावा, किंवा नियमित देखभालीचा पुरावा असावा. ओपुआला काठीला कॅमेरा बांधून पाण्याखाली बघतात, त्यामुळे थापा चालत नाहीत.

ओपुआला पिवळा झेंडा (अजून तपासणी व्हायची आहे, ही खूण) चढवून थेट क्वारंटाइनच्या धक्क्याला लागायचं. कितीही दिवसांनी जमीन दिसली असली तरी अधिकारी येऊन मोकळं करीपर्यंत कोणीही खाली उतरायचं नाही, आणि बाहेरच्या कोणी वर यायचं नाही.

मग जैवसुरक्षेचा, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई देशात येऊ न देणारा, अधिकारी कपाटं उघडतो. फळं, भाज्या, अंडी, मांस गेलं म्हणून समजा. मध तर अजिबात नाही. आपल्या डब्यांकडे त्याचं विशेष लक्ष असतं: मटकी, मूग, मेथीदाणे, थोडक्यात जे रुजू शकतं ते सगळं. तो बरणी उजेडाकडे धरतो, हलवतो, कीड दिसते का बघतो. आईने दिलेलं तूप, पेढे, लोणचं, जे असेल ते फॉर्मवर लिहा आणि टेबलावर मांडून ठेवा. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते. लपवलेल्या वस्तूला 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे. माझं मत विचाराल तर शेवटच्या दोन दिवसांत सगळी कडधान्यं उसळी करून संपवा. रात्रपाळीला गरम उसळ मिळाली की गोरा स्किपरही खूश.

पुढे तीच बोट ऑस्ट्रेलियाला निघाली आणि तुम्हाला बोलावलं, तर हे सगळं नव्याने. तिथे आगाऊ सूचना किमान 12 तासांची आहे, पण व्हिसा तिथलाही आधीच हातात लागतो. म्हणून हो म्हणण्याआधी अर्जाला लागणारे दिवस मोजा आणि स्किपरला निघण्याची तारीख विचारा.