घोट्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया की प्लास्टर, हे कसे ठरवावे

घोट्याचे हाड मोडल्याचे कळले की बहुतेक जण किती ठिकाणी मोडले हे आधी विचारतात, परंतु उपचार मुख्यतः ठरतो तो सांधा स्थिर आहे की नाही यावर. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड मिळून एक खोबण तयार होते व पावलाचे टॅलस हे हाड तिच्यात बसते. टॅलस जागेवर टिकणार असेल तर बहुधा प्लास्टर किंवा आधाराचा बूट पुरतो. ते सरकले असेल, अथवा भार पडताच सरकणार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हे सरकणे क्षुल्लक समजू नये. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकवल्यावर सांध्यातील संपर्काचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते.

खरी अडचण येते ती फक्त बाहेरचा घोटा मोडलेला असतो तेव्हा. आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा (लिगामेंट), तुटला आहे की नाही हे साध्या एक्स-रेमध्ये थेट दिसत नाही, आणि आतून दुखते किंवा सूज आहे एवढ्यावरूनही ते खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी साधारण आठवडाभराने, डॉक्टरांच्या परवानगीने पायावर भार देऊन उभ्याने एक्स-रे काढता येतो का, हे आवर्जून विचारावे. टॅलस आणि आतला घोटा यांमधली फट त्यात रुंदावली नाही, तर शस्त्रक्रिया टाळण्यास चांगला आधार मिळतो.

उलट हाड त्वचेबाहेर आले असेल, तर तातडीने शस्त्रक्रिया लागते. सांधा निखळला असेल तर तो आधी ताबडतोब बसवावा लागतो. एकाच पायाचे आतला व बाहेरचा असे दोन्ही घोटे मोडले असतील किंवा नडगीचे जाड हाड व बाहेरचे बारीक हाड यांना जोडणारा अस्थिबंध फाटला असेल, तर प्रकृती साथ देत असल्यास बहुधा प्लेट व स्क्रू बसवण्याचाच सल्ला मिळतो. सूज फार असेल तर ती उतरेपर्यंत शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलतात. हा हलगर्जीपणा नव्हे, कारण ताणलेल्या त्वचेवरचा छेद नीट भरत नाही.

मधुमेह, धूम्रपान आणि पायाचा अपुरा रक्तपुरवठा यांमुळे जखम चिघळण्याचा धोका वाढतो, म्हणून यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. मात्र मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर प्लास्टरही आपोआप सुरक्षित ठरत नाही, कारण आत घासून झालेली जखम रुग्णाला कळतच नाही. वय हे एकटे कारण कोणत्याच बाजूने पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये साठीपुढील ६२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अस्थिर घोट्यासाठी नीट बेतून घातलेले घट्ट प्लास्टर आणि शस्त्रक्रिया यांनी सहा महिन्यांनंतर चालण्या-वावरण्यात जवळपास सारखाच गुण दिला. प्लास्टरच्या गटात हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, आणि काहींना नंतर शस्त्रक्रिया करावीच लागली.

म्हणूनच अस्थिर घोट्यासाठी प्लास्टर निवडल्यास पहिल्या एक-दोन आठवड्यांतला पुन्हा काढायचा एक्स-रे चुकवू नये: हाड हलले असेल तर ते या काळात सुधारणे सोपे असते, जुळू लागल्यावर कठीण होते. वेदना असह्य वाढत गेल्या, बोटे बधिर किंवा निळसर झाली, पोटरी दुखून सुजली वा धाप लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.