मोटर भरणाऱ्या बाया: सीमाभागातल्या मुली-सुनांना पूर्ण कारागीर करायचं तर

बेळगाव जिल्ह्यात बाईला कारागिरीत आणायचं म्हटलं की शिलाई मशीन आणि ब्यूटी पार्लर यांच्यापुढे गाडी सहसा सरकत नाही. उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहतींतल्या मशीनशॉपमध्ये मुली दिसतात, पण बऱ्याचदा तपासणीच्या टेबलावर किंवा पॅकिंगला. गावात राहून, घर-शेत सांभाळून करता येईल आणि गिऱ्हाईक दारात येईल असं काम शोधत असाल तर मोटर रिवाइंडिंगकडे, म्हणजे जळलेल्या मोटरीतली तार काढून नवी बसवण्याकडे, आपल्याकडच्या भाषेत मोटर भरण्याकडे बघा. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीचा ऊसपट्टा विहिरी-बोअरच्या मोटरींवर चालतो. विजेच्या तीन फेजपैकी एक गेला, व्होल्टेज पडलं की मोटर जळते, आणि पाण्याची पाळी थांबत नाही. शेतकऱ्याला ती दोन दिवसांत भरून हवी असते.

हे लिहिलंय ते रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्यांसाठी, स्त्रीशक्ती संघांच्या (बचत गटांच्या) ताईंसाठी आणि आयटीआयच्या शिक्षकांसाठी.

कोणाला घ्यायचं

एकटी बाई घेऊ नका, दोघी घ्या. दुकानात एकटी असली की एक आजारी पोर किंवा एक वाकडा शब्द एवढ्यावर काम सुटतं. निपाणीकडे विड्या वळून हात तयार झालेल्या बायका या कामाला फार चांगल्या. पान कापून, भरून, दोऱ्यानं बांधून शेकड्यांनी माल काढणाऱ्या बोटांना बारीक तार शिस्तीत बसवणं लवकर येतं. शिक्षण सातवी-आठवी असलं तरी चालतं, पण दशांश वाचता यायला हवेत. ०.८१ आणि ०.९१ यांतला फरक समजत नसेल तर आधी आठवडाभर तेवढंच शिकवा.

दहावी झालेल्या मुलीला आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करू द्या. त्यात वाइंडिंग येतं आणि पुढे अप्रेंटिसशिपची वाट उघडते. तिथं शिकवणं कन्नड-इंग्रजीत असतं. मराठी शाळेतून आलेली मुलगी थिअरीला बिचकते, हाताच्या कामाला नाही. पहिल्या महिन्यात तिच्याकडून शंभरेक शब्दांची तीन रकान्यांची वही करून घ्या: इंग्रजी, कन्नड, मराठी. लग्न झालेल्या, वय वाढलेल्या बाईसाठी आरसेटीचा (बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा) महिनाभराचा मोफत मोटर रिवाइंडिंग कोर्स आणि त्यानंतर दुकानात पाच-सहा महिने, हा रस्ता जास्त सोयीचा.

सासूला आधी दुकान दाखवा. 'बाईमाणसाला जमतंय व्हय हे?' हा प्रश्न घरात बसून सुटत नाही. अर्धा तास खुर्ची टाकून बसवा, सून कुठं बसणार, संडास कुठं आहे, शेवटची बस किती वाजता, हे सगळं त्यांना डोळ्यांनी बघू द्या. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे भाड्याची अडचण राहिलेली नाही. अडतं ते वेळेवर. कामाची वेळ घड्याळावर ठरवू नका, बसवर ठरवा.

सुरुवात जुलैत करा

मोटरी सर्वांत जास्त येतात त्या फेब्रुवारी ते मे. त्या गर्दीत कोणी कोणाला शिकवत नाही. नवीन बाईच्या हातात झाडू आणि चहाची किटली येते. पावसाळ्यात दुकान सुस्त असतं, तेव्हा शिकवा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत हात बसतो. खानापूरकडच्या बायका असतील तर भाताची लावणी उरकू द्या.

पहिले पंधरा दिवस: उकलणं आणि लिहिणं

नवीन तार हातात देऊ नका. जळलेल्या मोटरी उकलू द्या आणि प्रत्येकीची नोंद करायला लावा: एचपी, आरपीएम, फेजची जोडणी स्टार की डेल्टा, किती गाळे (तार बसायच्या खाचा), कॉइल गाळा १ ते ९ आहे की १ ते १०, एका कॉइलला वेढे किती, तार एकेरी की दुहेरी, कॉइलचं डोकं गाळ्याबाहेर किती आलंय, लीड (बाहेर येणाऱ्या जोडणीच्या तारा) कुठून निघाल्यात.

वेढे एकाच कॉइलचे मोजून चालत नाहीत. कॉइल जळून तुटलेली असली तर मोजणी कमी येते. तीन कॉइल मोजायच्या, दोन जुळल्या तर तो आकडा धरायचा.

तारेचा नंबर, म्हणजे जाडीचा गेज, काढताना सर्वांत जास्त चूक होते. २१ नंबरची तार उघडी ०.८१३ मिमी आणि २० नंबरची ०.९१४. पण २१ नंबरवर इनॅमल (तांब्यावरचा इन्सुलेशनचा लेप) असताना मायक्रोमीटर लावला तर तो ०.८९च्या आसपास दाखवतो, आणि नवशिका हात तिला २० नंबर म्हणून लिहितो. मग जाड तार गाळ्यात मावत नाही, कोणीतरी ठोकून बसवतं, इनॅमल सोलतं आणि मोटर महिन्याभरात परत येते. म्हणून तारेचं टोक काडीच्या ज्योतीवर धरून इनॅमल जाळायचं, फडक्यानं पुसायचं आणि मग मोजायचं. ब्लेडनं खरवडलं तर तांबंही निघतं आणि माप उलट कमी येतं.

जळलेली मोटर कशानं जळली हेही याच पंधरवड्यात शिकवा. स्टार मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजची चकचकीत दिसली, किंवा डेल्टा मोटरीत एकच फेज काळी आणि दोन चांगल्या दिसल्या, तर एक फेज गेला असताना मोटर चालू राहिली होती. सगळ्याच सारख्या काळ्या असतील तर लोड जास्त, व्होल्टेज कमी, किंवा पंप अडकलेला. हे ओळखून जी बाई शेतकऱ्याला 'स्टार्टरला फेज गेला की मोटर बंद करणारा फेज प्रिव्हेंटर बसवा, नाहीतर पुन्हा जळेल' असं सांगते, तिच्याकडे माणूस परत येतो.

भरणं

गाळ्यातला कागद दोन्ही बाजूंनी ५-६ मिमी बाहेर हवा. कमी ठेवला तर तार स्टॅम्पिंगच्या (मोटरीतल्या पोलादी पत्र्यांच्या) कडेला घासून अर्थ होते, म्हणजे करंट मोटरीच्या अंगात उतरतो. तारा फायबरच्या पट्टीनं एक-एक ओळीनं सरकवायच्या, स्क्रू-ड्रायव्हर जवळही ठेवायचा नाही. वरून बांबूची वेज (पाचर), दोन थरांच्या मधे कागद, डोक्यांना कॉटन टेप.

अंगठी, बांगड्या, पाटल्या या कामाला काढायच्याच. कारण बाईला समजावून सांगा: अंगठीचा एक ओरखडा इनॅमलवर पडला की तिथं वेढा वेढ्याला चिकटतो, आणि तो ओरखडा डोळ्यांना दिसतही नाही. टेस्टिंगच्या वेळी तर धातू अंगावर नकोच. 'चुडा काढ' असं चारचौघांत ओरडू नका. कुलूप लागणारा एक खण द्या, मंगळसूत्र अॅप्रनच्या आत घालायला सांगा, पदर खोचायला नको म्हणून पंजाबी ड्रेस किंवा साडीवर पूर्ण कोट ठेवा.

वजन

५ एचपीची मोटर ३५-४० किलोच्या घरात जाते. 'बायकांना जमणार नाही' हे वाक्य इथूनच येतं. छताच्या चॅनेलला अर्ध्या टनाची चेन पुली टांगा, एक चाकांची गाडी आणि स्टेटर (मोटरीचा तार भरायचा स्थिर भाग) फिरवता येईल असा कमरेच्या उंचीचा स्टँड करून घ्या. बेअरिंग हातोडीनं ठोकू नका, पुलर वापरा. हा खर्च एकदाच होतो, आणि दुकानातल्या पुरुषांच्या कंबराही वाचतात.

इथं बहुतेक दुकानं चुकतात

बाईचा हात कॉइलला बसला की मालक तिला वेढे मोजणारा काउंटर असलेल्या हँडल मशीनवर बसवतो आणि तिथंच ठेवतो. ती कॉइल करते, गाळे भरते; जोडणी आणि टेस्टिंग मात्र मिस्त्री करतो. दोन वर्षांनी तिला मोटर भरता येते, पण चालू करून देता येत नाही. पगार तिथंच अडकतो आणि ती काम सोडते. ही अर्धी कारागिरी आहे, आणि ती बाईच्या वाट्याला मुद्दाम न ठरवता येते, म्हणूनच ती मोडायची तर तारीख ठरवावी लागते. तिसऱ्या महिन्यापासून जोडणी तिच्या हाती द्या.

जोडणी शिकवायला एक साधं होकायंत्र आणि १२ व्होल्टची बॅटरी पुरते. एका फेजला क्षणभर बॅटरी लावायची, होकायंत्र स्टेटरच्या आतून गोल फिरवायचं. चार पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) मोटरीत सुई आळीपाळीनं उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी वळली पाहिजे. दोन शेजारी सारखीच वळली तर तिथली कॉइल उलटी जोडली आहे. अशी मोटर तशीच लावली तर घुमते, वेग घेत नाही आणि अँपिअर चढतात. सुई वळताना एकदा स्वतः पाहिलेली बाई पोलची आकृती पाठ करत बसत नाही.

वार्निश ओतल्यावर ११०-१२० डिग्रीला सहा-आठ तास भट्टी हवी. पावसाळ्यात घाई करून ओलसर मोटर दिली की मेगरचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा, आकडा पडतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर १ मेगओहमच्या खाली असेल तर लाइनला लावायची नाही. नव्यानं भरलेली, नीट वाळलेली मोटर याच्या कितीतरी वर दाखवते. मग मोकळी, म्हणजे लोड न देता, चालवून टाँग टेस्टरनं (तारेभोवती अडकवायच्या अँपिअर मीटरनं) तिन्ही फेज बघायचे. ५ एचपीला मोकळ्यात साधारण अडीच ते साडेतीन अँपिअर, आणि तिन्ही जवळजवळ सारखे. एक फेज वेगळा आला तर जोडणी किंवा वेढे चुकलेत.

हे आकडे कार्डावर लिहून, खाली तिचं नाव घालून ते कार्ड मोटरीला बांधा. मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. अथणी-रायबागकडचं गिऱ्हाईक कन्नड बोलतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायका दोन्ही भाषा बोलतात. बाहेरून आलेल्या मिस्त्रीला हे जमत नाही.

पैसे आणि कागद

शिकताना रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, द्या, पहिल्या दिवसापासून. फुकट शिकवतो म्हणणाऱ्या दुकानातून बाई महिन्यात जाते, कारण शेतातली मजुरी तिला रोख मिळत असते. हात बसल्यावर नगावर दर द्या, पुरुषाला जो तोच.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. छोट्या दुकानातल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता दुकानात दिसेल असा लावा.

स्वतःचं दुकान काढणाऱ्या बाईला केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५०,०००पर्यंत कर्ज मिळू शकतं. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मोटर रिवाइंडिंग येत नाही, तिथं एजंटला पैसे देऊन फसू नका. आणि जीएसटीची घाई करू नका. नुसत्या सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही; उलट बाई किंवा नवरा जीएसटी भरू लागला की कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० बंद होतात. या भीतीनंच अनेकजणी दुकानावर स्वतःचं नाव लावत नाहीत, म्हणून हा हिशोब त्यांना आधीच मांडून दाखवा.

पुढची जोडी पुढच्या जुलैत घ्या. शिकवायचं काम पहिल्या दोघींकडे द्या आणि त्या तासांचा रोज वेगळा द्या, नाहीतर शिकवण्यात त्यांचे नग कमी भरतात.